बऱ्यापैकी करंट, सावकाश हात

मी स्वतःच्याच बाल्कनीत स्वतःला वेल्डिंग करून कोंडून घेतलं. कडी कोयंड्यात सरकवलेली असतानाच मी कोयंडा वेल्ड केला, आणि दोन्ही एकजीव झाले.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात वेल्डिंग शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं तर तुम्हाला जास्त हसू येईल.

नेरळला राहायला आलो तो बायको गेल्यानंतर. आमच्या इमारतीतले बहुतेक फ्लॅट मुंबईकरांचे. शनिवारी दिवे लागतात, रविवारी संध्याकाळी विझतात. मधले दिवस जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज. मुलगी पुण्याला. नातू नुकताच चालायला लागलेला. "इकडे या चार दिवस," असं मी दर फोनला म्हणायचो आणि ती म्हणायची, "बघू." शेवटी एकदा तिनं खरं कारण सांगितलं. बाल्कनीच्या कठड्याचे गज लांब लांब आहेत, पोरगं सटकेल. "हॉल आणि बाल्कनीच्या मध्ये जाळीचं दार बसवा. मी मंगळवारी संध्याकाळी फोन करते. दार पक्कं झालं असेल तर शनिवारी येतो."

दार तयार आणलं, बसवून घेतलं. कोयंडा तेवढा मुद्दाम माझ्यासाठी ठेवला. कारण गेली कित्येक वर्षं मी एकच उद्योग करतोय: किती करंट, किती व्होल्टेज, हात किती वेगानं चालवला, की धातू किती आत वितळेल, याचं आधीच भाकीत करायचं. त्यासाठी कॉलेजात ढीगभर प्लेटा वेल्ड केल्या, कापल्या, मोजल्या. त्या आकड्यांतून एक समीकरण काढलं. जोडीला फझी लॉजिक, म्हणजे माणसं बोलतात तसे 'जरा कमी', 'बऱ्यापैकी', 'जास्त' असले शब्द गणितात बसवायची युक्ती. बायको असताना म्हणायची, "घरात कधी तरी वापरा ते." आता वापरायचं ठरवलं.

लॅपटॉपला विचारलं. समीकरणानं ठामपणे आकडा दिला. फझीनं सांगितलं, बऱ्यापैकी करंट, सावकाश हात. दोघांचं एकमत! या घरात बऱ्याच दिवसांनी कुणाचं तरी कुणाशी एकमत झालं होतं, त्या आनंदात मी पुढचा विचारच केला नाही. माझ्या सगळ्या प्लेटा होत्या जाड, आणि कोयंड्याचा पत्रा पातळ. 'समीकरण ज्या हद्दीत शिकलं, त्याबाहेर नेऊ नका,' हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो.

मंगळवारी दुपारी मशीन हॉलमध्ये ठेवलं, केबल जाळीतून बाहेर घेतली. ठिणग्या सोफ्यावर नकोत म्हणून मी बाल्कनीत उभा राहिलो. धूर जावा म्हणून पुढचं दार उघडं टाकलं. कोयंडा नेमका जागेवर बसावा म्हणून जाळी लावून घेतली, कडी सरकवली, तिच्यावर कोयंडा धरला आणि वेल्डिंगची काळी काच तोंडावर ओढली. हातात एकच रॉड होता. टाका असा सुरेख पडला, की फोटो काढावासा वाटला. फोन घ्यायला आत निघालो. दार हलेना. पातळ पत्र्यातून धातू आरपार जाऊन कडीला भिडला होता. रॉडचं पाकीट आत, ग्राइंडर आत, फोन सोफ्यावर.

हाक मारावी म्हटलं तर कुणाला? समोरच्या खिडक्यांना कुलपं. खालून कशेळ्याला जाणारी प्रवाशांची जीप गेली, तिच्यातल्या एका बाईनं वर पाहिलं. मी हात हलवला, तिनंही हलवला. काही तरी बोललो असतो, पण काय बोलणार? 'मी वेल्डिंगचा मास्तर, मला सोडवा'?

मग फोन वाजायला लागला. सोफ्यावर मुलीचं नाव उजळलं. मी जाळीच्या भोकातून हात घातला, बाल्कनीतल्या झाडूचा दांडा घातला, फोन आणखी पलीकडे ढकलला. वाजून थांबला. तिला वाटणार, बाबांनी दार केलेलं नाही, म्हणून उचलत नाहीत. समोरचा डोंगर काळा होत गेला. फोन पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. जाळीला कपाळ टेकून मी फोनच्या विझलेल्या पडद्याकडे बघत बसलो. या घरात मी असलो काय, नसलो काय, फरक कळणारी ती एकच होती, आणि तिला मी उत्तर देत नव्हतो.

जिने झाडणाऱ्या मावशी उघडं दार बघून आत डोकावल्या.

"आवं सर, तिकडं काय करता?"

"मावशी, दार अडकलंय."

त्यांनी जवळ येऊन कडी हलवून पाहिली. मग टाक्यावरून बोट फिरवलं. "अडकलं नाय. तुमीच चिकटवलंय."

तेवढ्यात फोन तिसऱ्यांदा वाजला. "उचला, उचला! मुलगी आहे!" मी ओरडलो. मावशींनी उचलला, कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि मुलीचा आवाज हॉलभर झाला.

"बाबा? कुठे आहात? मला तिकिटं काढायचीत. दार पक्कं झालंय का?"

"मी जिन्याची मावशी बोलते गं बाय," मावशी म्हणाल्या. "दार लय पक्कं हाय. तुझ्या बापाला बी उघडत नाय. तिकडं बालकनीत हुबा हाय, सोताला कोंडून."

पलीकडे नातवाचं काही तरी आपटणं ऐकू आलं. मी जाळीला कान लावला.

"मग आम्ही शनिवारी येतो, मावशी," मुलगी म्हणाली. "तोवर त्यांना तिथंच राहू द्या."