पूजेला बसलेले प्लग

माझी पिकअप सीएनजीवर चालते, म्हणजे बहुतेक वेळा चालते. त्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र ती चालत नव्हती, खोकत होती. करंजाड्याच्या बाहेर आमची छोटी रोपवाटिका आहे. कुंड्या, माती, शेणखत आणि लोकांच्या बाल्कनीत जाऊन महिन्याभरात मरणारे मोगरे पोचवायला मी ही म्हातारी गाडी घेतली. चालवायलाही मीच शिकले, कारण नवऱ्याला ऑफिसातून आल्यावर फक्त टीव्हीचा रिमोट चालवता येतो.

त्या दिवशी मागे माती नव्हती, कबरीचा दगड होता. समोरच्या दारातल्या मावशी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांचे यजमान गेले त्याला वर्ष होत आलं होतं आणि वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवायचा असतो. मी हौसेनं म्हटलं, माझी गाडी आहे की! दगडवाल्याच्या चार माणसांनी दगड गाडीत चढवला. पनवेलला घरी येईपर्यंत गाडीनं असे आचके दिले, की मला वाटलं मी दगड नेत नाहीये, दगडच मला ढकलत नेतोय.

रात्रभर तो दगड गोणपाटात गुंडाळून गाडीतच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडून. सकाळी सेक्रेटरी हजर. "मॅडम, पार्किंगमध्ये कबर ठेवायची सोय नियमात नाही." म्हटलं, कबर नाही, दगड आहे, आणि नियमात मोगऱ्याचीही सोय नाही, तरी तुम्ही माझ्याकडून दोन नेलेत. ते मागे फिरले, पण वॉचमननं खुर्ची उचलून दुसऱ्या गेटला नेली ती नेलीच.

दगड दुसऱ्या टेम्पोत हलवावा म्हटलं, तर नवमीचे सगळे टेम्पोवाले गाड्या धुण्यात दंग, आणि उतरवायला चार माणसं आणायची कुठून? आमचा मेकॅनिक गॅरेजला कुलूप लावून गावी. आणि दगड बसायला हवा होता त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत. सूर्य बुडाला की मावशींचा मोठा उपास सुरू होणार, त्यांच्यातली जुनी माणसं त्याला दारं बंद करायचा सण म्हणतात. दुसरा अख्खा दिवस उपासात, प्रार्थनेत. तिसऱ्या दिवशी विमान, लेकीकडे, इस्रायलला, कायमचं. म्हणजे आज नाही तर मावशींच्या डोळ्यांदेखत तो दगड कधीच बसणार नव्हता. त्या हे एकदाच बोलल्या, तेही डबा घासता घासता, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

प्लग खराब आहेत हे मला माहीत होतं. नवे चार प्लग आणि वायरींचा सेट आणून ठेवला होता. मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस कळकळीनं सांगत होता, एक वायर काढा, तिथे नवी लावा, मग दुसरीला हात घाला. म्हटलं, हा कोण मला शिकवणार! मी कपाट आवरते तसं सगळं एकदम बाहेर काढलं. जुने प्लग, जुन्या वायरी कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळी झाले. नवं सामान आणि प्लगपाना पेपरवर नीट मांडला आणि चहा प्यायला वर गेले.

खाली आले तर पेपर रिकामा.

चोर म्हणावा तर दगड सोडून प्लग कोण नेईल? धावत वर आले. देवघरापुढे चौरंगावर लाल कापड, त्यावर माझे चार प्लग रांगेत उभे, प्रत्येकाला हळदकुंकू. वायरींचं छान गोल वेटोळं, मध्ये झेंडू. बाजूला प्लगपाना, पक्कड, विळी, नवऱ्याचा लॅपटॉप. आणि समोर हात जोडून सासरे. मी चहा पीत होते तेव्हा ते गुपचूप खाली जाऊन सगळं गोळा करून आले होते.

"बाबा, अहो, हे काय केलंत!"

"आज नवमी. हत्यारं उद्या सकाळपर्यंत हलणार नाहीत."

सासरे आयुष्यभर कारखान्यात फिटर. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. तरुणपणी एका नवमीला, पूजेत मांडलेलं मशीन घाईच्या ऑर्डरसाठी चालू केलं, आणि बोटं गेली. त्यावर वाद कसा घालायचा? तरी मी घातला. आवाज चढवला, कढई आपटली, तुमच्या देवाला एवढंही कळत नाही का, असंही बोलून गेले. ते शांतपणे उदबत्तीची राख झटकत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू येत होतं आणि त्या चौरंगाकडे पाहून हसूही येत होतं.

इतक्यात मावशी तयार होऊन दारात. ठेवणीतली साडी, हातात पिशवी. त्यांनी चौरंग पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"लॅपटॉपला कुंकू लावलंत, तो चालेल का आता?" त्यांनी विचारलं.

मग सासऱ्यांसमोर सतरंजीवर बसल्या. त्यांचे यजमान आणि आमचे सासरे, रोज संध्याकाळी खालच्या बाकावर एकमेकांची अक्कल काढत बसायचे.

"मी भांडायला नाही आले," मावशी म्हणाल्या. "तुमचा दिवस तुम्ही पाळा. माझाही मी पाळणार आहे. फक्त सहाच्या आत मला त्यांच्याजवळ जायचंय."

सासऱ्यांनी चौरंगावरच्या प्लगांकडे पाहिलं. मग एकदम मला म्हणाले, "प्लग हे हत्यार नव्हे."

"काय?"

"प्लग, वायर हे गाडीचे अवयव. गाडीची पूजा दसऱ्याला. चुकून आजच मांडले." त्यांनी अक्षता वाहिल्या, उत्तरपूजा म्हणून प्लग जरासे उत्तरेला सरकवले आणि माझ्या ओंजळीत दिले. "पाना मिळणार नाही. पाना हत्यार आहे."

"मग आवळू कशानं? दातांनी?"

"रबरी नळीचा तुकडा घे. नळी ही नळी असते."

अशी त्या दिवशी आमच्या इंजिनाची धर्मसभा भरली. बागेच्या नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून मी बोटांनी फिरवत होते, सासरे पाठीमागे हात बांधून "अजून, अजून" करत होते, आणि सेक्रेटरी बघत होते. आता वायरी. कोणती कुठे, हे देवाला माहीत. मी अंदाजानं लावल्या आणि चावी फिरवली. धाड! असा बार झाला की तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "फटाके आत्तापासून?"

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "वायरी बदलायची, तर आधी खुणा करायच्या ना गं बये!" मग बॉनेटमध्ये डोकं घालून, कशालाही हात न लावता, नुसत्या नजरेनं त्यांनी वायरींची लांबी मापली आणि सांगत गेले, ही इथे, ती तिकडे. चौथ्या खेपेला गाडी कुरकुरली, शिंकली आणि चालू झाली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मी वॉचमनला मिठीच मारणार होते, पण तो दुसऱ्या गेटला होता.

"नळीनं आवळलेत, वाटेत ढिले होतील. मी येतो," म्हणत सासरेही केबिनमध्ये चढले. पेणच्या पुढे, मावशींच्या जुन्या गावच्या दफनभूमीपर्यंत आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून गेलो. निघालो दुपारी, त्यात गाडी हळू, कारण मला प्लग उडायची धास्ती. पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते.

राखणदार आणि त्याच्या भावांनी दगड उतरवला, जागेवर नेऊन उभा केला. सिमेंट, वाळू तयार होती. मी म्हटलं, चला, कालवा.

राखणदार मागे सरला. "थापी, फावडं पूजेला लावलंय, ताई. आज नवमी हाय. दगड उचलायचा तर आमी उचलला. हत्याराला आज हात नाय."

मावशी दगडाला हात लावून उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं होतं. नुसत्या हातांनी सिमेंट कालवायला मी खाली बसले, तर सासऱ्यांनी माझा दंड धरून उठवलं.

ते राखणदाराच्या ओटीवर गेले. तिथल्या पाटापुढे चपला काढल्या, वाकले, आणि कुंकवासकट थापी आणि फावडं उचलून आणलं. मी म्हटलं, "बाबा, नको, मी करते." त्यांनी ऐकलं नाही. गुडघे टेकून त्यांनी एकट्यानं सिमेंट कालवलं, दगडाच्या बुडाशी भरलं, कडा एका ओळीत ओढल्या. फिटरचं काम, कुठे बोट घालायला जागा नाही. मावशी शेजारी उभ्या राहून पुटपुटत प्रार्थना म्हणत होत्या. त्यांची प्रार्थना आणि यांचं काम जवळजवळ बरोबरच संपलं, तेव्हा दगडावर अजून ऊन होतं.

मग सासऱ्यांनी नळावर थापी आणि फावडं स्वच्छ धुतलं, पदराला पुसतात तसं सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा पाटावर नेऊन ठेवलं. विस्कटलेलं फूल नीट केलं आणि हात जोडून म्हणाले, "माफी असावी. दोस्ताचं काम होतं."