राजाला नाही म्हणणारी बाई

मी अन् बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर झिंगे निवडले. सकाळी ओसरीवर बसून. मी कचरा काढत होतो अन् ती मला विलायतेतल्या एका सरदाराच्या लेकीची गोष्ट सांगून राहिली होती. धानाच्या रोवणीसाठी माहेरी आलेल्या आमच्या एकुलत्या पोरीनं ती तिला पुस्तकातून वाचून दाखवली होती.

चारेकशे वर्षांमागची बाई. बाप मेला, त्यानं किल्ले-जमीन सारी आपल्या भावाला दिली. लेक असून हिला नाही. नवरा म्हणे, काका देते तो पैसा घे अन् हक्क सोड. धर्मगुरू समजवायला आले. शेवटी राजानं बोलावलं, म्हणे मी सांगतो ते कबूल कर. ही म्हणे, नाही करत.

"मंग?"

"मंग काय! राजानं काकालेच देली. हिनं मानलं नाही. काकाचा वंश खुंटला, तवा म्हातारपणी सारं हिले भेटलं. पडके किल्ले बांधले, अन् एकेकात जाऊन राहे. लोकायनं पाहावं ना, कोणाचे आहेत ते." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तिले राजा आडवा आला जी. आपल्या पोरीले तुमचे पुतणे येतीन. तुमी तिच्या नवऱ्यासारखं करसान का?"

"मी काऊन करीन?" म्हणलो.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. गाडी दारात येईपर्यंत ती गेली. संध्याकाळी जाळलं.

घाटावरून परतताना पुतण्या म्हणाला, "काका, सुतकात तुमाले धानाच्या बांधीत उतरता येत नाही. रोवणी आमी करून टाकतो."

"सुतक तुले नाही का बे?"

"मी थोडीच उतरतो. बाया लावतो."

आमच्या गावात ज्यानं रोवलं तोच कापायला येते, अन् दोन हंगामांत लोक बांधीही त्याचीच म्हणतात. मी सारं समजलो. तिची राख गरम होती अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला घेऊन बांधीत उतरलो. बांधीच्या कडेला धुऱ्यावर माणसं जमली.

"काऊन गा, काल बायको जाळली अन् आज रोवणी?"

"बांधी पोरीची आहे, ते रोवून राहिली," मी ओरडलो. "मी तिचा मजूर. काय करता ते करा!"

रोवणं बायांचं काम, जन्मात केलं नव्हतं. माझी ओळ वाकडी गेली. पोरीनं रडत रडत उपटून पुन्हा लावायला लावली. मी लावली.