विष्णुपंतांचा कूलर

विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर विष्णुपंत शहरातल्या सोडाला वस्तीतच राहिले. पत्नी गेली, मुलगा परदेशी. मग त्यांनी एक खोली शहराच्याच झालाना भागात नोकरी करणाऱ्या भार्गवीला दिली. भाडं नाही, संध्याकाळी अंगणातल्या नळावरून बादल्या आणून कूलर भरायचा, एवढंच.

पण पोरगी दमून येते, म्हणून पंत गुपचूप स्वतःच भरू लागले. मी शेजारी; रेल्वे वर्कशॉपात जन्मभर ओझी वाहिली. पंत अर्धी बादली नेत आणि त्यातलीही निम्मी सांडत.

काल भार्गवी बॅग घेऊन बाहेर आली.

"कुठे निघालीस?" पंत दचकले.

"आजोबा, कूलर रोज भरलेलाच असतो. मतलब, माझी गरज नाही. फुकट कशी राहू?"

पंत आत गेले आणि कूलरच्या तळाचं बूच काढलं. पाणी ओसरीवर, माझ्या चपलांपर्यंत आलं.

"रिकामा झालाय," ते म्हणाले. "भर."

ती हसली. बॅग ठेवून तिनं काठोकाठ बादली आणली. थेंब सांडला नाही.

"बघा पंत, अशी उचलतात," मी म्हणालो.

"बघतोय. तुम्ही तेवढी ओसरी पुसा."