डावीकडचा ब्रेक

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ही पदवी त्यांना लग्नात मिळाली होती, भांड्याकुंड्यांसारखी. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, आणि तेही शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं. बायकोला मात्र त्यांनी स्टिअरिंगला हात लावू दिला तो फक्त पुसायला. तुला शिकवायला बसलो तर गाडी राहील पण संसार मोडेल, असं म्हणून ते स्वतःच हसायचे. बाईंना त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

शिकवायच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो. शिकणारा उजवीकडे, मास्तर डावीकडे. शिकणारा गांगरला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबणार. याच डाव्या सीटवर मास्तर गेले. भर रस्त्यात छातीत कळ आली, पण गडी गाडी थांबवूनच गेला. शेजारी गाडी शिकत असलेल्या मुलीला ओरखडासुद्धा उमटला नाही. त्यांचा पाय ब्रेकवरून सोडवायला दोन माणसं लागली, हे पुतण्यानं काकूंना बऱ्याच दिवसांनी, मान खाली घालून सांगितलं.

त्याच पुतण्यानं आता गाडीला गिऱ्हाईक आणलं होतं. चालवता येत नाही ती गाडी दारात ठेवून पूजा करायची का, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बाई हो म्हणून बसल्या आणि मग रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पुतण्या आला, बॅटरी जिवंत आहे का बघायला त्यानं इंजिन चालू करून बंद केलं, फाटक सताड उघडलं आणि गिऱ्हाइकाला आणायला गेला. तासाभरात येतो, तोवर जमेल तेवढी पुसून ठेवा, म्हणाला.

तासभर म्हणजे चैनच होती. मास्तरांचा चहा संपायच्या आत गाडी लख्ख करायची, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. आधी छत, मग काचा, मग सीट, पायातलं सगळ्यात शेवटी. खालून सुरुवात करणारा दोनदा पुसतो, असं त्या मोलकरणींना सुनवायच्या. घट्ट पिळलेलं फडकं, काचांना वर्तमानपत्र, एसीच्या जाळीला जुना दातांचा ब्रश. हात झपाझप चालले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याचा दोष त्यांनी साबणाला दिला.

राहता राहिली हँडब्रेकची खाच. सगळी घाण तिथे साठते, आणि दांडा खाली केल्याशिवाय ब्रश आत जात नाही. घरासमोर तर उतार, थेट फाटकापर्यंत आणि पुढे रस्त्यावर. म्हणून रोज सकाळी मास्तर कपबशी घेऊन डाव्या सीटवर बसायचे आणि पायानं ब्रेक दाबून धरायचे. बाई म्हणणार, "धरा." मास्तर म्हणणार, "धरलाय." मग दांडा खाली. संसारातली निम्मी बोलणी एवढ्यातच उरकलेली.

उजव्या दारातून आत वाकून बाई म्हणाल्या, "धरा."

उत्तर आलं नाही. पण इतक्या वर्षांची सवय झालेल्या कानाला ते आल्यासारखंच वाटलं. बाईंनी दांडा खाली केला आणि ब्रश खाचेत घातला. चांगला खसखसून घासला. घासता घासता पुतण्याची कुरकूरही करून घेतली, की मेला मला न विचारता गिऱ्हाईक घेऊन येतो. मागे साबणाची बाटली कलंडली आणि घरंगळत, खडखडत फाटकाबाहेर गेली. तो आवाज ऐकून त्या थांबल्या.

गाडी थांबलेलीच होती. गिअर मोकळा, दांडा खाली, चाकाला दगड नाही, आणि गाडी तसूभर हलली नव्हती.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. नको नको म्हणताना नजर डावीकडे गेलीच. ब्रेक खाली दबलेला होता, पार तळाला टेकलेला. वर सीट रिकामी. आत्ताच पुसून काढलेली, मधोमध खोल बसलेली.

त्यांनी दांडा वर ओढला. तेव्हा कुठे तो ब्रेक वर आला, हळूहळू, पाय अवघडलेल्या माणसानं उचलावा तसा.

त्या किती वेळ तशाच वाकून राहिल्या कुणास ठाऊक. पुतण्याची हाक ऐकून बाहेर आल्या. गिऱ्हाइकानं गाडीभोवती फेरी मारली, चकाकी बघून मान डोलावली. तो म्हणाला की गाडी घरच्या वापरासाठीच हवी आहे, डावीकडचा ब्रेक तेवढा उद्या काढून टाकू. मग बसून बघावं म्हणून त्यानं डाव्या दाराला हात घातला.

बाई पुढे झाल्या आणि त्याच्या हाताखालचं दार त्यांनी दाबून धरलं. इतका वेळ भीती होती, ती आता कुठे गेली ते त्यांनाही कळलं नाही.

"तिथे नका बसू," त्या म्हणाल्या. "गाडी द्यायची नाही."

पुतण्या कावराबावरा झाला. सगळं ठरलंय, काकू, असं काहीतरी पुटपुटला. बाईंनी हातातलं ओलं फडकं पिळलं आणि घरात दुसरा माणूस झोपलेला असावा तशा हलक्या आवाजात त्याला म्हणाल्या, "हे अजून उतरले नाहीत रे."