पडद्यातला धूर

झरीच्या रस्त्यावर एका फाट्यापाशी पंडित मिस्तरीचं पत्र्याचं दुकान होतं. गाडी आली की बाकीचे मिस्तरी आधी बॉनेट उघडतात. हा गडी आधी गाडीच्या मागं जाऊन उकिडवा बसायचा. सायलेन्सरच्या नळीपुढं तळवा धरायचा, धूर बघायचा, वास घ्यायचा. लोक चेष्टा करायचे, "काय मिस्तरी, बुडाशी काय दिसायलंय?" पंडित म्हणायचा, "तोंड खोटं बोलतंय बाबा, बूड खोटं बोलत न्हाई." काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, हे कुणीही सांगेल. पण धूरच आला नाही, की पंडितचा चेहरा उतरायचा. जळलेलं जातं कुठं मग? कुठंतरी जातंच की!

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं, तेव्हा बौद्धवाड्यातलं पंडितचं घरही पेटलं. तेव्हापासून तो आणि त्याची बायको केशरबाई दुकानामागंच नवं छप्पर घालून राहायचे. गावातली गिऱ्हाइकं मात्र परत आली नाहीत. आबासाहेब देशमुखांची डिझेल जीप वर्षानुवर्षं पंडितच्या हाताखालची, तीही यायची बंद झाली. ड्रायव्हर मुंजाजी ती दुसरीकडंच कुठंतरी दाखवायचा.

देशमुखांच्या घरी गोषा पाळायचे. बाया मागं बसल्या की जीपचे जाड ताडपत्रीचे पडदे पडायचे आणि खालून दोरीनं आवळले जायचे. त्या हिवाळ्यात आबासाहेबांची सून मनकर्णा सातव्या महिन्यात होती. माहेराहून येताना ओढ्यावरच्या चिंचेपाशी तिनं डोकं धरलं, ओकली आणि बेशुद्ध पडली. घरी मोकळ्या ओसरीवर निजवली, तर थोड्या वेळात उठून बसली. पुन्हा जीपनं गेली, पुन्हा चिंचेपाशी तेच. झालं! गावानं ठरवून टाकलं, चिंचेवरचं लागीर आहे. सासू कडूबाईंनी देवऋषी गाठला. तो म्हणाला, बाईला दर अमावास्येला माझ्याकडं आणा, पण वाटेत वारं लागू देऊ नका. म्हणजे पडदे अजून घट्ट, आणि आत त्यानं दिलेला ऊद पेटवलेला. त्या उदापुढं दुसरा वास कुणाला कळणार, कपाळ!

पहिल्या अमावास्येला जीप फाट्याचा चढ चढताना पंडितनं पाहिली. इंजिन रडत होतं, आणि मागच्या नळीतून धुराचा पत्ता नव्हता. त्यानं लगेच ताडलं. काजळीनं सायलेन्सर तुंबलाय, नळीला सीटखाली चीर पडलीय, आणि सगळा धूर पडद्यात साठतोय. चिंचेपर्यंत जाईतो आत भरून जात असणार.

त्यानं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मुंजाजीला गाठलं. "तुला गाडीत काय होत न्हाई का रे?"

"मला काय हुतंय? मी म्होरं बसतो. दार न्हाई, वारं लागतंय."

"वारं लागतंय म्हून तू जित्ता हायेस!" पंडितनं मग त्याला सगळं उलगडून सांगितलं.

मुंजाजीनं इकडं तिकडं पाहिलं. "मिस्तरी, मी तुझं नाव घेतलं तर माझी नोकरी अन् तुझं छप्पर, दोन्ही जातील."

शेवटी पंडित स्वतःच देशमुखांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "मालक, सूनबाईला लागीर न्हाई. सायलेन्सर तुंबलाय. एकडाव गाडी लावा माझ्याकडं."

"आमच्या घरातल्या बाया तुझ्या तोंडात कामून आल्या?" आबासाहेब शांतपणे म्हणाले. ते शांत बोलले की गडीमाणसं मागं सरायची. "विद्यापीठाला नाव द्या म्हणता, आता आमच्या घरच्या दुखण्यालाबी तुमीच नाव देणार? नवं छप्पर घातलंस म्हणं. जपून राहा."

पुढची अमावास्या आली. दुपार कलल्यावर लांबून जीपचा आवाज आला, तसा पंडित उठला.

"अवं, बसा गुमान," केशरबाई म्हणाली. "एकदा जळून झालंय आपलं."

"केशर, ती मरायलीय गं. दोन जीव हायेत."

त्यानं ऑइलचं रिकामं पिंप गडगडत नेऊन रस्त्यात आडवं टाकलं. मुंजाजीनं लांबूनच ब्रेक दाबला. इतक्या लांबून कामून दाबला, ते त्यालाच ठाऊक. पुढं बसलेले आबासाहेब काठी घेऊन उतरले, तोवर पंडित मागं जाऊन बसलासुद्धा. इंजिन चालू होतं, आणि नळीपुढच्या तळव्याला झुळूकही लागत नव्हती.

"ताई! वो ताई!"

आतून काहीच आवाज आला नाही. पंडितनं खिशातला चाकू काढला आणि पडदा वरपासून खालपर्यंत फाडला. डोळ्यांना झोंबणारा काळा धूर भसकन बाहेर पडला. आत दोघी सासू-सुना एकमेकींवर कलंडल्या होत्या. इतका वेळ नवऱ्याला अडवणारी केशरबाईच आधी धावली. तिनं दोघींना बाहेर ओढलं, मनकर्णाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालायला लागली. आबासाहेबांची उगारलेली काठी तशीच राहिली. तो धूर त्यांनीही पाहिला होता, सगळ्यांनीच पाहिला होता.

मनकर्णा ओकली, खोकली, तिनं डोळे उघडले. पंडित मान दुसरीकडं वळवून म्हणाला, "ताई, पडदा उघडा ठेवा. वाऱ्यानं काय होत न्हाई. धुरानं होतंय."

एवढ्यात कडूबाई शुद्धीवर आल्या. त्यांनी सुनेच्या तोंडावर पदर ओढला आणि पहिलं काय विचारावं?

"हिला कोण शिवलं?"

टपरीवरची चार माणसं जवळ आली होती, आणि चार माणसांत देशमुखांचा पडदा फाटला होता. आबासाहेबांनी एकदा धुराकडं पाहिलं, एकदा त्या माणसांकडं. मग अंगावरची शाल काढून पडद्याच्या भगदाडावर स्वतःच्या हातानं बांधली. बायांना परत आत बसवलं.

"मुंजाजी, गाडी घे." जाता जाता पंडितला म्हणाले, "तुझं संध्याकाळी बघू."

जीप चढाला लागली. इंजिन तसंच रडत होतं, नळीतून काहीच निघत नव्हतं. पंडित रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "पडदा उघडा! उघडा वो!" त्याला रडू फुटलं.

चढाच्या माथ्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात आतून बाहेर आला. त्यानं शालीची गाठ ओढली. शाल रस्त्यावर पडली, आणि भगदाडात मनकर्णाचं उघडं तोंड दिसलं, भर वाऱ्यात, पदराशिवाय. तशीच जीप माथ्यापलीकडं उतरली.

"जगती गं पोरगी!" पंडित धावत चढावर गेला आणि शाल उचलायला वाकला.

"हात लावू नगा शालीला," केशरबाई खालून ओरडली. "न्यायला येतील त्ये."

आणि ती छपरातली भांडी पोत्यात भरायला लागली.