दारातल्या चपला
उसाच्या वाढ्यांनी, शेंड्याच्या पाल्यानं भरलेला ट्रॅक्टर दारावरून गेला, की त्या हिरव्या वासानं छातीत अजून धस्स होतं. मी लहान असताना वडील मिरजगावकडं शाळेत शिक्षक होते. ऊसतोडीला जाणाऱ्या एका आईनं शाळा बुडू नये म्हणून आपली लेक आमच्या घरी ठेवली होती. एका संध्याकाळी ती दिसेना, तिच्या चपलाही दारात नव्हत्या. वडील आधी विहिरीकडं धावले, मी रडत त्यांच्या मागं. कठडा धरून त्यांनी आत वाकून पाहिलं. ती सापडली फाट्यावर, येणारे-जाणारे उसाचे ट्रॅक्टर निरखत. “गुरुजी, ह्यात आय असंल का?” “बघू की थोडा वेळ,” म्हणत वडील तिच्याशेजारी धुळीतच बसले. आता वडील नाहीत. पण ट्रॅक्टर गेला की मी आधी दारात माझ्या लेकीच्या चपला बघते.