वडिलांच्या घड्याळातला चार
धाकट्या नातीने परवा फोनवर फोटो बघून विचारलं, "आजी, या घड्याळातला चार कुठे गेला?" तेव्हा मी विषय बदलला. आता सगळ्यांसाठी लिहिते.

घड्याळ माझ्या वडिलांचं, खिशात ठेवायचं, रोज किल्ली द्यायचं. ते पेणजवळच्या मिठागरावर देखरेखीला होते. खाऱ्या हवेने तबकडी पिवळी पडली, आकडे पुसट झाले. वडील गेल्यावर ते बंद घड्याळ माझ्या भावाकडे राहिलं. माझं बिऱ्हाड रोह्याजवळ वरसे गावात होतं आणि कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात एक चांगला घड्याळजी होता, म्हणून मी ते मागून घेतलं.

भावाचा पेणला गणपतीचा कारखाना. जन्मभर त्याने मूर्तींचे डोळे आखले. पुसट रेघ दिसली की त्याचा हात थांबत नसे. घड्याळाची काच सैल होती. ती काढून त्याने बाराही आकडे काळ्या रंगाने गिरवले होते.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला हवं गो ताई? दिसत नव्हते, आता बघ कसे उठून दिसतात!"

मी ते तसंच घड्याळजीकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. "आतलं साफ करतो, तेल देतो, की चालेल. तबकडीला हात लावायला नका सांगू."

"पण हे आकडे माझ्या वडिलांचे नाहीत. वरचा रंग तेवढा काढा."

"बाई, खालचापण येईल."

चुकीचं काही तसंच ठेवणं मला कधी जमलं नाही. मी हट्ट धरला. त्यांनी ओल्या कापसाने फक्त चार पुसला. भावाचा रंग निघाला आणि त्याच्याबरोबर वडिलांचा चारही. तिथे नुसता पांढरट डाग राहिला.

"झालं समाधान?" एवढंच ते म्हणाले.

घड्याळ तिथेच ठेवून मी घरी आले, पण बसवेना. वाटे, आता बिघडलंच आहे तर सगळे आकडे काढून नवे छापून घ्यावेत. मग वाटे, उरलेले अकरा त्या रंगाखाली आहेत तरी! काय ते एकदा सांगून टाकावं म्हणून दोनदा कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि दुकान दिसताच माघारी फिरले. तिसऱ्यांदा घड्याळजींनीच हाक मारली.

"पूल झिजवाल तुम्ही! काय ठरलं ते सांगा."

"राहू दे. आहे तसंच राहू दे."

त्यांनी आतलं यंत्र साफ केलं, तेल दिलं, काच घट्ट बसवली. काटेसुद्धा जुनेच ठेवले. घड्याळ चालू लागलं.

पुढच्या आठवड्यात भाऊ आमच्याकडे आला. घड्याळ हातात घेऊन त्याने उजेडात धरलं.

"चार राहिला की गो! थांब, आत्ता रंग मारून देतो."

मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि तो चहा पिऊन स्टेशनाकडे निघेपर्यंत मूठ उघडली नाही.